शेजाऱ्याची साक्ष

(वनहक्क दावेदारांच्या मेळाव्यातलं हे बोलणं. मेळाव्याला न पोचलेल्या गावांनी मागितलं, म्हणून उतरवून छापतो आहोत. बोललं तसंच ठेवलं आहे. गावात ज्याला वाचता येतं त्याने मोठ्याने वाचून दाखवावं.)

जय सेवा. जोहार. जय भीम. रामराम.

बघा, नुसता नमस्कार घालायचा तर चार शब्द लागले. मांडवात बसलेले लोक तेवढ्या तऱ्हेचे आहेत. गोंड आहेत, बौद्ध आहेत, गोवारी आहेत, ढिवर आहेत, दोन गावचे कुणबीही मागे बसलेत. पूर्वी जंगलाच्या मिटिंगीला एवढे सगळे एका ताडपत्रीवर बसत नव्हते. कायदा आला म्हणून बसले. आणि आता त्याच कायद्यावरून उठून जायची पाळी आली आहे. म्हणून मला आज जमीन मोजण्याचं, नकाशाचं सोडून हेच बोलायचं आहे.

गेल्या दोन महिन्यांत मी ज्या गावात गेलो तिथे एकच गोष्ट कानावर आली. पारावर, पान-तंबाखूच्या टपरीवर, बाजाराच्या दिवशी. ती अशी: "सरकारनं तालुक्याले मोजून जमीन देली. ते आधी त्यायले गेली तर आपल्याले काय भेटन?" हे 'त्यायले' म्हणजे कोण, ते गावागावात बदलतं. एका गावात ते बौद्ध असतात, दुसऱ्यात गोवारी, तिसऱ्यात ढिवर. आणि बौद्ध मोहल्ल्यात गेलो तर तिथे उलटं ऐकलं: "कायदा आदिवास्याचा हाय, आपण कायले मिटिंगीत जाऊन बसावं?"

ही अफवा कोणी सोडली ते मी शोधत बसलो नाही. जंगलखात्याचा माणूस असेल, सावकाराचा असेल, नाहीतर आपलाच कोणी असेल. पण ती खोटी आहे, आणि का खोटी आहे ते आधी नीट समजून घ्या.

वनहक्क कायदा 2006 साली झाला. त्यात तालुक्याला इतकी एकर, जातीला इतकी एकर, असं वाटप कुठेही लिहिलेलं नाही. ही राशनची साखर नव्हे, की आधी पोचला त्याने नेली आणि मागच्याचं पोतं रिकामं. 13 डिसेंबर 2005 या दिवशी ज्याच्या ताब्यात जी जबरानजोत होती, तेवढीच त्याच्या नावावर होणार. जास्तीत जास्त 4 हेक्टर. नवराबायको दोघांच्या नावावर. दोन एकर काढत असशील तर दोन एकरच भेटेल. शेजाऱ्याचा दावा मंजूर झाला म्हणून तुझ्या धुऱ्यातलं एक ढेकूळ इकडचं तिकडे होत नाही. त्याचा नामंजूर झाला म्हणून तुझं वावर वीतभर वाढत नाही.

मग भांडण कशाचं? भांडण पोटातल्या भीतीचं आहे. शंभर वर्षं ज्यांच्या हातून जमीन जात राहिली, त्यांना वाटतं की दुसऱ्याला भेटलं म्हणजे आपलं गेलं. ती भीती उगाच नाही, मी तिला नावं ठेवत नाही. पण भीतीच्या हाती दाव्याचा कागद दिला तर ती तो फाडून टाकेल.

आता नियम बघा. नियम 1 जानेवारी 2008 ला लागू झाले. 2012 च्या दुरुस्तीपर्यंत त्यात म्हटलं होतं की ग्रामसभेत सगळ्या सभासदांपैकी किमान दोन तृतीयांश लोक हजर पाहिजेत. सभासद म्हणजे गावातले सगळे प्रौढ. समजा गावात 300 प्रौढ, तर तेव्हा 200 हजर लागायचे. त्यातले गोंड 170. मग सांगा, गोंडांनी तेव्हा एकट्याने ग्रामसभा कशी भरवायची? एकूण एक आला, बाळंतीण आली, तापाने फणफणलेला आला, तरी 170. उरलेले 30 कुठून आणायचे? बौद्ध मोहल्ल्यातून आणि ढिवरटोल्यातूनच. ज्यांना काल म्हटलं की तुमचा काही संबंध नाही, त्यांच्याच दारात आज सह्यांचं रजिस्टर घेऊन उभं राहायचं. एका गावात हे झालं. मोहल्ल्यातले लोक आलेच नाहीत. सभा तीनदा बोलावली, तिन्ही वेळा तहकूब. मोहाचा हंगाम लागला, लोक पहाटेपासून जंगलात, आणि दावे पेटीत तसेच. तिथे अडले ते सगळे गोंडांचेच दावे होते.

हे हजेरीचं झालं. याहून मोठी गोष्ट पुराव्याची आहे. ती जरा सावकाश सांगतो, कारण इथेच आपल्या गावांचं सगळं गुपित आहे.

आदिवासीने दाखवायचं असतं की जमीन 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून आपल्या ताब्यात आहे. बिगर-आदिवासीने त्याशिवाय आणखी एक दाखवायचं असतं, की आपण तीन पिढ्या इथे जंगलाच्या आधाराने राहत आलो. एक पिढी 25 वर्षांची, म्हणजे 75 वर्षं. 2005 मधून 75 वजा करा. 1930 येतं. हेच वावर 1930 पासून नांगरलं असं दाखवा, असं कायदा म्हणत नाही. राहत होतो, जंगलावर जगत होतो, हे दाखवा म्हणतो. साहेब लोक कधीकधी मुद्दाम दोन्हीची खिचडी करतात, तिथे फसू नका.

पण 1930 चा कागद आणायचा कुठून? ज्या घरात अक्षर शिरलं 1970 साली, त्या घरात 1930 चा कागद? मालगुजारीच्या वेळचे कागद असतील, निस्तारपत्रक असेल, कोतवाल बुक असेल, पण ते तहसिलीच्या रेकॉर्ड रूममध्ये, आणि तिथल्या कपाटाची किल्ली कधी सापडते, कधी नाही. म्हणूनच नियम 13 मध्ये पुराव्यांची यादी लांबलचक दिली आहे. त्यात बांध-बंधारे, विहीर, घराचा जुना पाया, स्मशानाची जागा, देवाचं ठाणं हे सगळं बसतं. आणि त्याच यादीत आहे गावच्या म्हाताऱ्या माणसाचं लेखी सांगणं. अट एकच, तो म्हातारा स्वतः दावेदार नसावा.

ही अट ध्यानात घ्या. स्वतःच्या दाव्याला स्वतःची साक्ष चालत नाही. साक्ष दुसऱ्याची लागते.

तर बौद्ध मोहल्ल्यातल्या माणसाचा 1930 कुठे आहे? तो आहे गोंड आज्याच्या तोंडात. नव्वदीचा बुडा, डोळ्यांना दिसत नाही, पण विचारलं की सांगतो: "याचा आजा आमच्या बोडीच्या पारीवर मातीले होता. दुष्काळ पडला तवा माया बापासंगं कांदे खोदाले जाये." संपलं. याहून पक्की साक्ष कोणत्या ऑफिसात भेटणार आहे? आणि गोंडाचा कागद कुठे आहे? कधीकधी तो मोहल्ल्यातल्या माणसाच्या पेटीत आहे. तिथे शिक्षण आधी पोचलं. कोणी कोतवाल होता, कोणी मास्तर झाला, कोणी रोजगार हमीवर हजेरी लिहीत होता. त्यांनी जुन्या पावत्या, अर्जांच्या नकला जपून ठेवल्या. एका गावात गोंडांच्या जबरानजोतीची 1970 च्या दशकातली यादी निघाली ती एका बौद्ध म्हातारीच्या पत्र्याच्या डब्यातून. तिचा नवरा अर्ज लिहून द्यायचा सगळ्यांचे. चार आणे घ्यायचा म्हणे, पण नक्कल ठेवायचा.

आता आपण शेजाऱ्याचं नाव कापायला निघालो, तर शेजारी आपली साक्ष कशाला देईल? उद्या उपविभागीय समितीत त्याने नुसतं 'मला माहीत नाही' म्हटलं तरी पुरे. शत्रुत्व करायचीही गरज नाही. नियम सांगतो की एकापेक्षा जास्त पुरावे बघा. जंगलखात्याचा दंड भरल्याची पावती, पी.ओ.आर., हे आपल्याकडे असतं. (ज्या पावत्यांनी बाप रडला, त्याच आज लेकाला कामी येत आहेत. हेही एक नवलच.) पण पावतीला जोड म्हाताऱ्याची लागते. तो म्हातारा बहुतेक दुसऱ्या मोहल्ल्यात राहतो.

1930 चं निघालं म्हणून एक गोष्ट सांगतो. कायद्याने नेमकं तेच साल धरलं हा योगायोग आहे, पण ध्यानात ठेवण्यासारखा आहे. त्याच साली आपल्या मुलखात जंगल सत्याग्रह झाला. पुसदच्या बाजूला लोकनायक अणे आणि त्यांच्यासोबतच्या लोकांनी राखीव जंगलातलं गवत कापून इंग्रजांचा जंगल कायदा मोडला. सिवनी जिल्ह्यात तुरियाला गोळ्या झाडल्या, गोंड बाया मेल्या. आणि तिकडे कोकणात, उरण तालुक्यात चिरनेरला 25 सप्टेंबर 1930 रोजी गोळीबार झाला. मेलेल्यांच्या यादीत नाग्या कातकरी आहे, रामा कोळी आहे, रघुनाथ न्हावी आहे, पाटील-म्हात्रे-घरत आहेत. नावातच जात आहे, म्हणून कळतं की कोण कोण होतं. गोळी घालणाऱ्याने आधी जात विचारली नव्हती. जंगल बंद झालं होतं ते सगळ्यांनाच बंद झालं होतं.

म्हणजे ज्या सालापासून शेजाऱ्याला आपण 'तू इथला का?' असं विचारतो आहोत, त्या सालात त्याचा आजाही जंगलासाठीच मार खात होता.

बरं, आता एक कडू गोष्ट. सगळ्यांचाच दावा बसतो असं नाही. कोणी 1960 नंतर आला असेल. कोणी बाजारातला पैसेवाला असेल, मजूर लावून, ट्रॅक्टर घालून जंगल मोडलं असेल आणि आता म्हणत असेल की मीही गरीब वनवासी. त्याला खोटी साक्ष द्यायची का? नाही. शेजारधर्म म्हणजे खोटं बोलणं नव्हे. ग्रामसभेत त्याच्या तोंडावर, त्याला बोलू देऊन, कारण लिहून नाही म्हणायचं. त्याला वाटलं तर तो 60 दिवसांत उपविभागीय समितीकडे जाईल, तो त्याचा हक्क आहे. पण रात्री जाऊन त्याची तुरीची गंजी पेटवायची नाही, त्याच्या बायकोला विहिरीवर अडवायचं नाही, पोरांना शाळेत टोमणे मारायचे नाहीत. आणि 1960 नंतर आलेला जो खरंच गरीब आहे, कोणाच्या कुठल्या फाळणीत, कुठल्या धरणात घर सोडून आला, त्याला आपण पट्टा देऊ शकत नाही. कायदा तिथे तोकडा आहे, हे मान्य करू. पण त्याला सरपण-पाण्याला मनाई करू नका. गावाला तेवढं करता येतं.

कोणी म्हणेल, एवढं काय त्यात, दोन झापडा दिल्या तर काय आभाळ कोसळतं? त्याला मी ओडिशाची गोष्ट सांगतो. कंधमाळ नावाचा जिल्हा आहे, आपल्यासारखाच डोंगर-जंगलाचा. कंध आदिवासी आणि पाण दलित, दोघे एकाच जंगलात राहणारे, आणि तिकडचे पुष्कळ पाण घरात कुई भाषाच बोलतात, जी कंधांची आहे. पाणांत बरेच ख्रिस्ती झालेले, कंधांतही काही. त्यांच्यात जमिनीच्या तक्रारी होत्या. पाणांना अनुसूचित जमातीत घ्यावं की नाही यावरून कुरबूर होती. या गोष्टी बसून सोडवता आल्या असत्या, नाहीतर कोर्टात गेल्या असत्या. पण त्यावर धर्माचं रॉकेल ओतलं गेलं. 2007 च्या नाताळात भडका उडाला. 2008 च्या ऑगस्टमध्ये एका स्वामींचा खून झाला. तो माओवाद्यांनी केला असं त्यांनीच सांगितलं, आणि घरं जळली ख्रिस्ती शेजाऱ्यांची. हजारो लोक छावणीत, नाहीतर जंगलात पळाले. माणसं मारली गेली, बायांवर अत्याचार झाले.

साल बघा: 2008. त्याच साली वनहक्काचे नियम लागू झाले होते. ज्या वर्षी गावाने एकत्र बसून जंगलाचा नकाशा काढायचा, त्याच वर्षी अर्धं गाव छावणीत. घर जळालेल्याचं तर सगळं गेलंच. पण ज्याने जाळलं त्यालाही जमिनीचा कागद काही भेटला नाही. त्याला भेटले पोलीस, वॉरंट आणि कोर्टाच्या तारखा.

आपल्या भागात तर आणखी सांभाळायला हवं. इथे बंदुका दोन्हीकडे आहेत. गावातलं भांडण गावात मिटलं नाही की एक जण पोलीस ठाण्यात जातो, दुसरा जंगलातल्या दादा लोकांच्या कानावर घालतो. तिथून पुढे ते भांडण आपलं राहत नाही. धुऱ्याचं भांडण होतं, त्याचं 'हा खबरी' आणि 'हा त्यायचा माणूस' असं होतं. आणि त्या शब्दांनी माणसं मेली आहेत, हे इथे बसलेल्यांना मी सांगायची गरज नाही. शेजाऱ्यावर रागात फेकलेला शब्द परत घेता येत नाही. म्हणून दाव्याच्या कोणत्याही भांडणात हा शब्द तोंडातून निघता कामा नये. आपल्या मिटिंगीत जो तो काढेल, त्याला तिथेच थांबवा. कितीही मोठा कार्यकर्ता असला तरी.

मग करायचं काय? भांडण तर होणारच. एका घरात दोन भाऊ भांडतात, एका गावात पाच जाती भांडणार नाहीत?

इथून लांब नाही, धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं आहे. 2009 साली त्या गावाला 1,809 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्काचं पत्र मिळालं. सगळे ते आकड्याचंच बोलतात. मी म्हणतो, आकडा राहू द्या, ते निर्णय कसा घेतात ते बघा. तिथे ग्रामसभेत हात वर करून मोजणी करत नाहीत. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत राहतात. आज झालं नाही तर पुढच्या सभेत. त्यांचा एक अभ्यास गट आहे. तो नुसती चर्चा करतो, कायदा वाचतो, बाहेरच्या माणसाला बोलावून विचारतो. ठरवत मात्र नाही. ठरवते ग्रामसभा. देवाजी तोफा आणि गावचे लोक हे वर्षानुवर्षं करत आले आहेत, कायदा यायच्या कितीतरी आधीपासून.

त्यांच्या गोटुलाची गोष्टही तुम्हाला माहीत असेल. गोटुल बांधायला जंगलातली लाकडं आणली, खात्याने गोटुल पाडलं. रागाची गोष्ट होती. कोणी नाकेदाराच्या अंगावर हात टाकला असता तर त्या दिवशी टाळ्या पडल्या असत्या. लोकांनी तसं केलं नाही. पुन्हा बांधलं, आणि आजूबाजूच्या गावांनीही आपापल्या गावात गोटुल बांधायला घेतलं. एक पाडता येतं, सगळीकडची कशी पाडणार? लोक एकमेकांशी आधीच बोललेले होते, म्हणूनच हे जमलं. ज्या गावात अर्ध्यांना विचारलेलंच नसतं, तिथे पाडापाडीच्या दिवशी अर्धे लोक घरात दार लावून बसतात.

आता मी स्वतःच एक शंका काढतो. मेंढा गोंडांचं गाव. एक भाषा, एक देव, सोयरेधायरे सगळे. त्यांना एकमत सोपं आहे. आपलं गाव मिसळीचं, आपल्याला कसं जमेल? मला उलट वाटतं. एका जातीच्या गावात मतदान घेतलं तरी एकदा हा हरतो, एकदा तो. आज हरलेला उद्या जिंकतो. मिसळीच्या गावात 34 घरं एकीकडे आणि 26 दुसरीकडे, तिथे मतदान घेतलं की दर वेळी तेच जिंकतात आणि दर वेळी तेच हरतात. कायम हरणारा माणूस सभेला कशाला येईल? तो मग तहसिलीत जातो, पुढाऱ्याकडे जातो, नाहीतर रात्रीची वाट बघतो. एकमताची खरी गरज आपल्यालाच आहे.

वेळ लागतो, हे खरं. पण ज्या गावाने तीन सभा तहकूब केल्या, त्यांचा कोणता वेळ वाचला?

माझं सांगणं एवढं. सभेचा विषय आठ दिवस आधी प्रत्येक टोल्यात जाऊन सांगा. दवंडी देऊन मोकळं व्हायचं नाही, बायांना वेगळं बसवून सांगा, कारण सभेत त्या पदर तोंडावर घेऊन बसतात आणि घरी गेल्यावर सगळं उलटं बोलतात. वनहक्क समितीत 10 ते 15 माणसं असतात. त्यात किमान दोन तृतीयांश आदिवासी आणि एक तृतीयांश बाया असायलाच पाहिजेत. पण लहान टोल्यातला एक तरी घ्या, कायद्यात लिहिलं नसलं तरी. सभेत ज्याने नाही म्हटलं त्याला दाबू नका. त्याने कारण सांगावं आणि पुढच्या सभेला पुन्हा यावं. नुसतं नाही म्हणून घरी झोपायला गेला तर त्याचं नाही धरायचं नाही. अडवण्याचा हक्क पाहिजे तर येण्याची मेहनतही पाहिजे.

देवाधर्माचं दोन शब्दांत सांगतो. काही गावांत दोन-चार घरं दुसऱ्या पंथात गेली, कोणी ख्रिस्ती झाले, त्यांनी पेनाच्या पूजेची वर्गणी देणं बंद केलं. गावाने त्यांना वाळीत टाकलं आणि आता म्हणतात, यांचा दावा कशाला घ्यायचा? वर्गणीचं तुम्ही गावात बसून ठरवा. काही गावांनी ठरवलं की पूजेचं ज्याचं त्याने द्यावं, आणि बोडी-रस्ता-आगराखी याचं सगळ्यांनी. ते मला बरं वाटलं. पण दाव्याच्या अर्जात देवाचा रकानाच नाही. आणि आदिवासीने धर्म बदलला म्हणून तो अनुसूचित जमातीतून निघत नाही, हेही पक्कं ठेवा. ज्या घराला तुम्ही वाळीत टाकता, त्याच्या नावावर होणारी जमीन आदिवासीचीच जमीन आहे.

जंगलखात्याच्या माणसाबद्दल. दावा चालू असताना, चौकशी पुरी होईपर्यंत, कोणाला जमिनीवरून हटवता येत नाही, हे कायद्याच्या कलम 4 मध्ये लिहिलं आहे. तरीही येतात. उभ्या धानात जनावरं सोडतात, खड्डे खोदतात. त्या वेळी सगळं गाव वावरात जाऊन बसा. लेखी हुकूम मागा. आला कोण, किती वाजता, काय केलं, ते लिहून काढा, सह्या-अंगठे घ्या. अंगावर हात टाकायचा नाही. मी भ्यालो म्हणून सांगत नाही. एक झापड मारली की केस लागते, आणि ती एकट्यावर लागत नाही, वीस नावं टाकतात. मग दावा राहतो बाजूला आणि वीस घरं जामिनासाठी बैल विकतात. खात्याला तेच हवं असतं. त्यातही एक बघा. सगळं गाव बसलं म्हणजे सगळं बसलं पाहिजे. गोंडाच्या वावरात ढिवराची बाई येऊन बसली, तर येणाऱ्या साहेबाचं अर्धं अवसान तिथेच गळतं. ती येईल की नाही, ते तुम्ही तिच्याशी मागच्या महिन्यात कसे वागलात त्यावर आहे.

दोन गावांच्या शिवेचं शेवटी सांगतो, कारण चिठ्ठ्या त्याच्याच जास्त आल्या आहेत. सामूहिक दाव्याच्या नकाशात तुमच्या गावाने जो डोंगर धरला, तोच शेजारच्या गावाने धरला, म्हणून भांडण. काठ्या निघाल्यापर्यंत गेलं होतं एका ठिकाणी. नियम 12 वाचा. दोन ग्रामसभांचा असा वाद असेल तर दोन्ही गावच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसायचं, कोण कशासाठी ते जंगल वापरतं ते बघायचं आणि आपापल्या ग्रामसभेला लिहून द्यायचं. तिथे जमलं नाही तरच वर जायचं. म्हणजे कायदाच सांगतो की आधी बसा. आणि डोंगर एकाचाच असला पाहिजे असं कोणी सांगितलं? तुम्ही तिथे मोह वेचता, ते तिथे गुरं चारतात. मोह उन्हाळ्यात, चराई पावसाळ्यात. दोन्ही गावांनी तसंच लिहून दिलं तर दोघांचेही हक्क त्यात बसतात.

आता कामाचं. नमुना अ आणि नमुना ब मांडवाच्या त्या बाजूला ठेवले आहेत, घरातून एकानेच न्या. म्हाताऱ्यांच्या साक्षी होळीच्या आत लिहून घ्यायच्या, पुढे लोक मोहाला जातील. लिहिताना म्हाताऱ्याचं नाव, अंदाजे वय, तो कोणत्या टोल्यात राहतो, दावेदाराच्या कोणत्या पिढीला ओळखतो आणि कुठे पाहिलं, हे त्याच्याच शब्दांत लिहा. साहेबी भाषेत बदलू नका. लिहून झालं की त्याला वाचून दाखवा, मगच अंगठा घ्या. खाली दोन साक्षीदार, जमलं तर एक त्याच्या टोल्यातला आणि एक दुसऱ्या टोल्यातला. ज्या म्हाताऱ्यांची तब्येत बरी नाही त्यांच्याकडे आधी जा. त्या पत्र्याच्या डब्याच्या गावचे लोक आज इथे आले आहेत. यादीची झेरॉक्स कशी जोडायची ते त्यांना विचारा, ते जेवणानंतर चिंचेखाली बसणार आहेत.